भटारखान्यातले सुरक्षा फलक: कोणता, कुठं आणि कशासाठी

हॉटेल, खानावळ, मंगल कार्यालय, मिठाईचा कारखाना आणि बाहेरच्या ऑर्डरी घेणारे केटरर यांच्यासाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आमच्याकडे बरेचदा एकाच प्रकारची मागणी येते: "तपासणी आहे, असतील ते सगळे बोर्ड एकेक द्या." फलक विकणं हा आमचा धंदा असला तरी सांगतो, असा गठ्ठा नेऊ नका. एका भिंतीवर वीस फलक लावले की काम करणारा माणूस त्यातला एकही बघत नाही. सात-आठच घ्या, पण जिथं हात भाजतो, पाय घसरतो, गॅस सुटतो, तिथं लावा.

फलकाचा रंग आणि आकार मनाला येईल तसा ठरवायचा नसतो. त्यासाठी आयएस 9457 हे भारतीय मानक आहे, आयएसओ 7010 हे आंतरराष्ट्रीय. लाल कडं आणि तिरपी रेघ म्हणजे मनाई. पिवळा त्रिकोण म्हणजे धोका. भरीव निळा गोल म्हणजे हे केलंच पाहिजे: हात धुवा, हातमोजे घाला, प्लग काढून मगच मशीन पुसा. हिरवा चौकोन बाहेरची वाट आणि प्रथमोपचार दाखवतो, लाल चौकोन आग विझवण्याचं साहित्य. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही हे कळतं, म्हणून हॉटेलच्या रंगाला शोभेल असा सोनेरी किंवा चॉकलेटी फलक कुणी मागितला तर आम्ही नाही म्हणतो.

तळणीची कढई

सगळ्यात जास्त विचार इथं करा. तेल पेटलं की घाबरलेला माणूस पहिल्यांदा पाण्याकडे धावतो. पाणी तेलापेक्षा जड. ते तापलेल्या तेलात खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते, वाफ पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा घेते आणि पेटतं तेल आचाऱ्याच्या अंगावर आणि छतापर्यंत उडतं. म्हणून "पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नका" हा फलक हवाच. बहुतेक ठिकाणी तो कढईच्या मागच्या भिंतीवर दिसतो. आमच्या मते ती जागा चुकीची, कारण आग लागल्यावर तो ज्वाळेच्या पलीकडे जातो. तो पाण्याच्या पिंपावर, बादली भरायच्या नळाशी लावा. हात जिथं जाणार, तिथंच त्याला अडवायचं. खाली मोठ्या अक्षरात दोनच ओळी: गॅस बंद करा. कढईवर झाकण सरकवा.

अग्निशामक नळकांडं शेगडी आणि दार यांच्या मधल्या वाटेवर असावं. तेलाच्या आगीसाठी 'एफ' वर्गाचं, वेट केमिकलचं (आत द्रव रसायन असलेलं) घ्या. त्याचा लाल फलक मात्र डोक्याच्या वर लावा. एका कार्यालयाच्या भटारखान्यात नळकांडं जागेवर होतं, फलकही होता, पण दोन्हींच्या पुढं तांदळाची पोती आणि पत्रावळींचे गठ्ठे छातीपर्यंत रचलेले. लग्नसराईत जागा कमी पडते, हे आम्हालाही कळतं. निदान त्या फलकाखाली फरशीवर पिवळा पट्टा मारून घ्या आणि त्यात काही ठेवायचं नाही हे सगळ्यांना एकदा तोंडी सांगा.

गॅस

एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळं गळती झाली की तो खाली, फरशीलगत आणि गटारीत साचतो. 19 किलोच्या व्यापारी सिलिंडरांची जागा तळघरात नको. बाहेर, हवेशीर ठिकाणी, सिलिंडर उभेच. तिथल्या दारावर पिवळा ज्वालाग्राही त्रिकोण आणि शेजारी "आग, बिडी, सिगारेट मनाई". दुसरा फलक विजेच्या बोर्डाशी लावायला आम्ही आवर्जून सांगतो: "गॅसचा वास आला तर बटणाला हात लावू नका". चालू करायचं नाही तसं बंदही करायचं नाही, दोन्हीत ठिणगी उडू शकते. त्याच फलकावर गॅस गळतीचा 1906 आणि आपत्कालीन 112 हे आकडे ठळक छापून देतो.

भाषा

कर्नाटकात 2024 च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या नामफलकावर 60 टक्के कन्नड सक्तीचं आहे. आतल्या सुरक्षा फलकाचं काम वेगळं, तो आत राबणाऱ्यासाठी. आचारी मराठी, वाढपी कन्नड, भांडी घासणारा पोरगा हिंदी बोलणारा, असं आपल्याकडं सर्रास असतं. आपल्याला आपली भाषा प्यारी आहेच, पण भाजणारा हात कुणाचाही असू शकतो. चिन्ह मोठं ठेवा, खाली दोन किंवा तीन भाषा, प्रत्येकीत चार-पाच शब्द, बास.

आकार आणि माल

फलक जितक्या मीटरवरून दिसायला हवा, त्या अंतराचा वर्ग करून त्याला 2000 नं भागलं की फलकाचं कमीत कमी क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मिळतं. म्हणजे 6 मीटरवरून दिसायला गोल फलक निदान 15 सेंटीमीटर व्यासाचा हवा. भटारखान्यात वाफ आणि धूर असतो, आम्ही 20 सुचवतो. "धूम्रपान मनाई" चा आकार 2008 च्या नियमांनीच ठरलेला आहे, निदान 60 बाय 30 सेंटीमीटर.

सनबोर्ड (फोमचा हलका प्लास्टिक बोर्ड) स्वस्त पडतो, पण भट्टीजवळ तो वाकतो. कुंदा आटवायच्या कढईशेजारी तर साधा स्टिकर टिकतच नाही. वाफेनं कडा सुटतात आणि त्यात तेलाची काजळी बसते. तिथं ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या, साबणाच्या पाण्यानं पुसता येतो. बाहेरच्या वाटेसाठी अंधारात चमकणारा फलक चांगला, मात्र त्याच्यावर रोज उजेड पडला पाहिजे; कायम अंधाऱ्या बोळात तो चमकत नाही.

शहाबादी फरशी ओली झाली की पाय सटकतो. "ओली फरशी" चा उभा फलक फरशी पुसल्यावर ठेवा आणि वाळली की उचला. दिवसभर तसाच राहिला तर दोन दिवसांनी त्याला कुणी जुमानत नाही.

मांडवातला स्वयंपाक

जत्रेच्या महाप्रसादाला किंवा अंगणातल्या लग्नाला भिंतच नसते. त्यासाठी दोन्ही बाजूंनी छापलेले, वर भोकं पाडलेले हलके फलक आम्ही करतो. भट्टीभोवती चार बांबू रोवून सुतळी बांधा, तिला "गरम तेल" चा त्रिकोण पोराबाळांच्या नजरेच्या उंचीवर लटकवा. कणीक मळायच्या मशीनजवळ "पदर खोचा, ओढणी बांधा" हा निळा फलक बायकांशी बोलूनच आम्ही ठरवला.

ऑर्डर देताना मोबाइलवर भटारखान्याचे चार फोटो पाठवा: शेगडी, गॅसची जागा, पाण्याचं पिंप, बाहेरचं दार. कामगार कोणत्या भाषा वाचतात तेही लिहा. छापण्याआधी नमुना पाठवू. तो मालकानं बघून पास करू नये. आचाऱ्याला आणि भांडी घासणाऱ्याला दाखवून, त्यांना काय समजलं ते विचारून मगच आम्हाला कळवा.