उन्हानं पिल्लाचे पाय सुधारत नाहीत

कुत्र्याचं लंगडणारं पिल्लू सहसा कुणी घरी नेत नाही. परभणी असो की लातूर, रस्त्यावरून उचललेल्या पिल्लांतली धडधाकट आधी जातात आणि फेंगड्या पायांचं मागं राहतं. अशा पिल्लाला जरूर घर द्यावं. त्याच्या पायांचा दोष पुष्कळदा जन्माचा नसून खाण्याचा असतो, आणि वाढीच्या वयात लक्ष दिलं तर बराचसा सुधारतो.

घरी आणलेल्या पिल्लाला आजी कोवळ्या उन्हात ठेवते. तान्ह्या बाळासाठी ते बरोबर आहे, कारण माणसाच्या कातडीत उन्हानं हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व तयार होतं. कुत्र्याच्या कातडीत मात्र ते जवळजवळ होतच नाही. ज्या द्रव्यापासून ते बनायचं, त्याचं तिथलं एक विकर (एन्झाइम) झपाट्यानं कोलेस्टेरॉल करून टाकतं. म्हणून मराठवाड्याच्या रखरखीत उन्हात वाढणाऱ्या कुत्र्यालाही ड जीवनसत्त्व अंड्याचा बलक, मासे किंवा पिल्लांच्या तयार खाद्यातूनच मिळावं लागतं.

दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी पोट भरते, पण तेवढ्यावर हाडं पोसत नाहीत. उलट लाडानं नुसतं बिनहाडाचं मटण घालणंही तितकंच वाईट. पिल्लाच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त लागतं. मांसात फॉस्फरसच कॅल्शियमच्या १५ ते २० पट असतो. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतून ओढून घेतं. हाडं पातळ होतात, वाकतात, साध्या उडीनंही मोडतात. आहार सुधारला की काही आठवड्यांत ती भरू लागतात, तोवर पिल्लाला उड्या मारू देऊ नयेत. मात्र कॅल्शियमची बाटली आपल्या मनानं सुरू करू नका. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही आणि त्यानंही हाडांची वाढ बिघडते.

खुब्याचा दोष वेगळा. तिथला उखळीचा सांधा सैल राहिला की हाडाचा गोळा खोबणीत नीट बसत नाही. पिल्लू पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखं जातं. मोठ्या जातींत हे जास्त दिसतं आणि ते बऱ्याच अंशी आनुवंशिक असतं. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही सांधे दुखतात. म्हणून आधी एक्स-रे आणि रक्ततपासणी हवी. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत; गावातल्या डॉक्टरांना शंका वाटली तर तिथं जरूर विचारावं.

सैल खुब्याला सगळ्यात मोठा आधार म्हणजे हलकं शरीर. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. निम्म्या कुत्र्यांना उरलेल्यांपेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं होतं. त्यांच्यात सांधेदुखी उशिरा आली आणि ती सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली. गुबगुबीत पिल्लू पाहून जीव सुखावतो हे खरं, पण बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत.

गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा गोणपाट अंथरा, म्हणजे पाय फाकणार नाहीत. नॉर्वेतल्या एका अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत जिने चढणाऱ्या पिल्लांना खुब्याचा दोष जास्त आढळला, तर मऊ, उंचसखल जमिनीवर हिंडणाऱ्यांना कमी. शेताच्या बांधावर मोकळं फिरू देणं त्यासाठी उत्तम.

आणि पिल्लू कितीही कण्हत असलं तरी घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर आणि रक्तावर घाला घालतं. कुत्र्यांसाठीची वेगळी वेदनाशामकं असतात, ती वजन करून पशुवैद्यच ठरवतात.