पॅकेटचे तुकडे आणि कार्डाची मर्यादा

लिनक्समध्ये नेटवर्कवर बाहेर जाणारे पॅकेट, म्हणजे पाठवायच्या माहितीचा एक गठ्ठा, नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रामच्या हाती बहुधा अखंड येत नाही. त्याचे तुकडे मेमरीत विखुरलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याचा पत्ता व लांबी सांगणारी नोंद, म्हणजे डिस्क्रिप्टर, ड्रायव्हर कार्डाच्या रिंगमध्ये, म्हणजे कार्ड क्रमाने वाचत असलेल्या गोलाकार यादीत, लिहितो. फाइलमधील मजकूर कॉपी न करता थेट पाठवता यावा म्हणून २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.४ मालिकेत ही सोय आली. मेमरीच्या ४ केबीच्या पानांच्या हिशेबाने पुढे एका पॅकेटला कमाल १७ तुकड्यांची मर्यादा स्थिरावली, पण एवढे तुकडे प्रत्येक कार्डाला पेलतीलच असे नव्हते. न पेलल्यास ड्रायव्हर नवा बफर, म्हणजे मेमरीतली सलग जागा, मागून सगळे तुकडे त्यात ओततो आणि मेमरी मिळालीच नाही तर पॅकेट सोडून देतो.

२००२ मध्ये टीसीपी या प्रोटोकॉलने पाठवायचा सुमारे ६४ केबीचा मजकूर कार्डाकडे एकदम सोपवून त्याचे सेगमेंट, म्हणजे तारेवर जाणारी छोटी पॅकेटे, कार्डाकडूनच पाडून घेण्याची सोय आली, आणि तुकडे मोजण्याचे साधे काम अवघड झाले. इंटेलच्या एक्सएल७१० कार्डावर तर तारेवर जाणाऱ्या एका सेगमेंटसाठी ८ पेक्षा जास्त बफर चालत नाहीत. त्यामुळे एकूण तुकडे मोजून भागत नाही, कोणता सेगमेंट कुठे तुटेल हे ड्रायव्हरला आधीच ताडावे लागते.

खरा धडा २०१२ मध्ये सोलरफ्लेअर कार्डांच्या ड्रायव्हरने दिला. पलीकडच्या यंत्राने सेगमेंटचा आकार मुद्दाम लहान मागितला, की प्रत्यक्षात ७६ बाइटचे सेगमेंट पडत आणि एकाच पॅकेटचे ८६१ सेगमेंट होऊन रिंग तुंबे. म्हणजे कार्डाची मर्यादा ओलांडायची की नाही, हे दूरचा अनोळखी ठरवू शकत होता! त्यावर सेगमेंटच्या संख्येलाही कमाल मर्यादा सांगण्याची तरतूद कर्नलमध्ये झाली आणि त्या ड्रायव्हरने ती १०० ठेवली. २०१५ च्या ३.१९ आवृत्तीपासून तर एखादे पॅकेट कार्डाला झेपेल का, हे कर्नल ड्रायव्हरलाच आधी विचारू लागले. नाही म्हटल्यास सेगमेंट पाडण्याचे काम कर्नल स्वतः करते.

२०२२ मध्ये ५.१९ आवृत्तीने एकदम सोपवायच्या मजकुराची ६४ केबीची सीमा आयपीव्ही६ साठी, म्हणजे इंटरनेटच्या नव्या पत्ता-पद्धतीसाठी, ओलांडली आणि पुढच्या वर्षी ६.४ मध्ये तुकड्यांची मर्यादा ४५ पर्यंत वाढवता येऊ लागली. मात्र जुन्या ड्रायव्हरमधले दोष त्यामुळे उघडे पडू शकतात, असा इशारा कर्नल तयार करताना निवडायच्या त्या पर्यायाच्या मदत-मजकुरातच आहे, आणि खात्री नसल्यास १७ च ठेवावे, अशी सूचनाही.