चर्चिलने कॉव्हेंट्री मुद्दाम जळू दिलं?

एनिग्मा, म्हणजे जर्मनांच्या गुप्त मेसेजच्या मशीनचा कोड, फोडल्याचं जर्मनांना कळू नये म्हणून चर्चिलने इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री शहर मुद्दाम जळू दिलं, ही स्टोरी अजूनही फिरतेय. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री तिथे भयानक बॉम्बिंग झालं, पाचशेच्यावर माणसं गेली, हे खरंच आहे.

पण चर्चिलला टार्गेट माहीत होतं हे खोटं. मोठा हल्ला होणार, त्याचं नाव 'मूनलाइट सोनाटा', एवढं फोडलेल्या जर्मन मेसेजमधून कळलेलं, त्यात 'कॉर्न' असा शब्दही होता, पण तो म्हणजे कॉव्हेंट्री हे तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. चर्चिल तर त्या दिवशी लंडनबाहेर निघालेला, वाटेत कागद वाचून गाडी मागे फिरवली, कारण त्याला वाटलं हल्ला लंडनवरच होणार! कॉव्हेंट्री मुद्दाम जळू द्यायचं ठरवलेला माणूस असं कशाला करेल?

दुपारी जर्मन रेडिओ बीम (विमानांना टार्गेटकडे नेणारे सिग्नल) कॉव्हेंट्रीकडे वळलेत हे कळलं, ते बिघडवायला जॅमिंगही केलं, पण सेटिंग चुकलं म्हणून फुकट गेलं. म्हणजे डाव वगैरे काही नाही, साधा घोळ.

ही कथा गाजली ती १९७४ मध्ये, विंटरबॉथम या माजी इंटेलिजन्स अधिकाऱ्याच्या पुस्तकामुळे, आणि ते त्याने बरंचसं आठवणीवरून लिहिलेलं.