दरडग्रस्त की दरडप्रवण? कोकणातील आपत्ती प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर डोंगर आला, हे मात्र रायगडबाहेर फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही. कोकणातल्या आपत्ती प्रशिक्षणाची सुरुवात या चार गावांपासून मोजावी लागते.

त्याआधी महसूल यंत्रणेत प्रशिक्षण म्हणजे पंचनाम्याचे प्रशिक्षण. किती कौले उडाली, भिंत किती हात पडली, किती गुंठे भात वाहून गेले, हे तलाठ्याला नेमके लिहिता येई. मदतीची सगळी चौकट दुष्काळावर बेतलेली होती आणि दुष्काळ सावकाश येतो, मोजायला सवड देतो. होमगार्ड मुंबई प्रांतात 1946 पासून होते. 1968 च्या कायद्याने नागरी संरक्षण आले. पण तिथला अभ्यासक्रम युद्धाचा होता: ब्लॅकआउट, आग विझवणे, स्ट्रेचर उचलणे. किनाऱ्यावर त्यासाठी उरण, तारापूर अशी ठिकाणे निवडली गेली, कारण हल्ल्याची भीती तिथे होती. सह्याद्रीच्या उतारावरच्या वाड्या या हिशेबात बसत नव्हत्या.

मग 1993 चा किल्लारीचा भूकंप झाला, 2001 चा भुजचा झाला. 2002 मध्ये केंद्रात हा विषय कृषी खात्याकडून गृह खात्याकडे गेला, आणि 2004 च्या त्सुनामीनंतर डिसेंबर 2005 मध्ये आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संमत झाला. या क्रमाचा प्रशिक्षणावर झालेला परिणाम आजही दिसतो. ‘शोध व बचाव’ हा धडा ज्यांनी रचला त्यांच्या डोळ्यांसमोर कोसळलेली इमारत होती. स्लॅब तिरका पडतो, कपाटाच्या किंवा जिन्याच्या आधाराने खाली पोकळी उरते, तिथे हवा असते. म्हणून सगळ्यांनी गप्प व्हायचे, हाक द्यायची, ठोकायचे, कान लावायचे. एक लांब शिट्टी म्हणजे काम थांबवा, तीन आखूड शिट्ट्या म्हणजे बाहेर पडा. हे तंत्र खरे आहे आणि कोकणातही ते कामाला आले. ऑगस्ट 2020 मध्ये महाड शहरात पाच मजली इमारत पडली तेव्हा चार वर्षांचा एक मुलगा सुमारे 19 तासांनी आणि एक वयस्क बाई 26 तासांनी जिवंत निघाली.

दरडीखाली मात्र असे होत नाही, आणि इथेच शब्दाचा गुंता सुरू होतो.

कोकणात ‘दरड कोसळली’ हे एकच वाक्य निदान तीन वेगळ्या घटनांना वापरले जाते. पहिली घटना घाटातल्या किंवा रेल्वेच्या कटिंगमधल्या सुट्या धोंड्यांची. 22 जून 2003 रोजी वैभववाडीजवळ गाडी अशाच धोंड्यांवर आदळून सुमारे 50 माणसे गेली. वर्षभरातच, जून 2004 मध्ये, करंजाडीजवळ पुन्हा तसाच अपघात झाला. यावरचे उपाय यंत्रणेच्या हातातले होते: कटिंगना जाळ्या, उतार मोकळा करणे, पावसाळी वेळापत्रकात वेग उतरवणे, रात्रंदिवस पायी गस्त. ते झाले आणि त्यांचा उपयोग झाला. माझ्या मते कोकणातले सगळ्यात शिस्तीचे आपत्ती प्रशिक्षण या गस्तवाल्यांचेच आहे. त्याला कोणी त्या नावाने ओळखत नाही, एवढेच.

दुसरी घटना चिखल-दगडांच्या लोंढ्याची. खाली काळा कातळ, वर कुजलेल्या खडकाची माती आणि गोटे. काही दिवस संततधार पडली की पाणी मुरत कातळापर्यंत जाते, तिथे अडते, मातीचा थर आतून फुगतो आणि कातळावरून सुटतो. 2005 मध्ये महाडला, 22 जुलै 2021 रोजी तळिये येथे, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीत हेच घडले. एकट्या तळियेत 80 हून अधिक माणसे गेली. घाटमाथ्यापलीकडचे 2014 चे माळीणही याच जातीचे. या लोंढ्यात पोकळी राहत नाही. चिखल नाकातोंडात जातो, घर जागेवरून पुढे ढकलले जाते, त्यामुळे जिथे स्वयंपाकघर होते तिथे उकरून माणूस सापडत नाही. हाक द्यायची आणि कान लावायचा हा धडा इथे जवळजवळ निकामी ठरतो. ज्यांना जिवंत काढता येते ते बहुधा लोंढ्याच्या कडेला असतात आणि त्यांना शेजारीच काढतात. पथक येईपर्यंत वेळ गेलेली असते. इर्शाळवाडीला तर रस्ताच नव्हता. यंत्र वर नेता आले नाही, ढिगारा कुदळ-फावड्याने उपसावा लागला.

तिसरी घटना जमीन खचण्याची. उताराला आडव्या भेगा पडतात, जोते सरकते, दारे चौकटीत अडकू लागतात. ही हालचाल दिवसांची, कधी वर्षांची असते. इथे बचाव असा काही नसतोच, मोजमाप असते. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकायच्या, दोन्हींच्या डोक्यावर खिळा मारायचा आणि खिळ्यापासून खिळ्यापर्यंतचे अंतर रोज एकाच वेळी, एकाच टेपने मोजून वहीत लिहायचे. चूक बहुतेक वेळा एकच होते: खुंट्या भेगेच्या अगदी काठावर ठोकल्या जातात, काठ ढासळतो आणि आकडा उगाच वाढतो. निदान हातभर मागे ठोकाव्यात. भेग मातीने चोपून बंद करायची, म्हणजे पाणी आत जाणार नाही.

तिन्हींना एकच शब्द असल्यामुळे कागदावर एकच प्रशिक्षण पुरेसे वाटत राहिले. त्यात आणखी एक घोळ झाला. 2005 नंतर भूवैज्ञानिकांनी गावे पाहिली, याद्या झाल्या आणि त्या याद्यांवर कुठे ‘दरडग्रस्त’ तर कुठे ‘दरडप्रवण’ असे मथळे आले. ग्रस्त म्हणजे जिथे दरड येऊन गेली, प्रवण म्हणजे जिथे येऊ शकते. बातम्यांत, बैठकांत, नोटिसांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. परिणाम गंभीर आहे. जुनी दरड दिसते, म्हणून ते गाव यादीत येते. शेजारच्या तशाच उतारावरच्या वाडीचे नाव लागत नाही, आणि यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही असा अर्थ वाडीवर घेतला जातो. प्रशिक्षणही यादी बघूनच ठरते. इर्शाळवाडी दरडप्रवण यादीत नव्हती, हे घटनेनंतर सरकारनेच सांगितले.

अधिनियमातली आपत्तीची व्याख्या इथे आठवावी. नुकसान ‘बाधित क्षेत्रातील समाजाच्या सामना करण्याच्या क्षमतेपलीकडचे’ असेल तर ती आपत्ती. म्हणजे तोच पाऊस, तोच उतार, पण वाडी वेळेत बाहेर पडली तर ती आपत्ती राहत नाही. प्रशिक्षणाचा सगळा भर मात्र नंतर पोचणाऱ्या माणसावर राहिला.

स्वयंसेवकांच्या 12 दिवसांच्या अभ्यासक्रमाबाबतही हाच आक्षेप आहे. 2016 मध्ये देशातल्या पूरप्रवण जिल्ह्यांसाठी ‘आपदा मित्र’ योजना आली, पुढे ती 350 जिल्ह्यांत, एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवण्याचे ठरले. (नाव हिंदी वळणाचे. आपल्याकडे कायद्यात आपत्ती आहे आणि बोलण्यात ‘आबदा’ म्हणजे हाल.) छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर दाबणे, गाठी, तरंगत्या डब्यांचे जॅकेट, हे सगळे त्यात शिकवतात आणि ते शिकवलेच पाहिजे. पण वयाची अट 18 ते 40. कोकणातल्या डोंगराळ वाडीत या वयाचे लोक मुंबईला चाकरीला असतात आणि जुलैत गावात असतात ते साठीच्या पुढचे. त्यांना शिकवायचे काय, ते अभ्यासक्रमात नाही: पावसाचे मोजमाप, उतार वाचणे आणि रात्री बाहेर पडणे.

मोजमापाचा प्रश्न वेगळाच आहे. हवामान खात्याच्या परिभाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून ‘जोरदार’, 115.6 पासून ‘अति जोरदार’ आणि 204.5 पासून ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. कोकणात जुलैत पहिली पायरी कितीदा तरी ओलांडली जाते, त्यामुळे इशाऱ्याच्या रंगाची धार जाते. शिवाय सकाळी साडेआठला नोंदलेला दिवसाचा आकडा तालुक्याच्या गावचा असतो, माथ्यावरचा नसतो. वाडीत सरळ कडेचे डबडे मोकळ्यावर ठेवून दर तीन तासांनी पट्टीने मोजले तरी अधिक कळते. बाटली चालत नाही, खांदा निमुळता असल्याने आकडा फसतो. सोबत पाहायचे ते पऱ्याकडे, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याकडे: भर पावसात त्याचे पाणी एकाएकी आटले तर वर कुठेतरी माती अडली आहे असे धरून निघायचे. निघायचे ते उताराला आडवे. पऱ्याच्या काठाने खाली उतरायचे नाही, कारण लोंढा त्याच वाटेने येतो. गुरांची दावी संध्याकाळीच सोडून ठेवायची, नाहीतर रात्री कोणीतरी गोठ्याकडे परत फिरतो.

बाकीच्या घटनांनी अभ्यासक्रमात थोडी थोडी भर घातली. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडचे रस्ते झाडांनी अडले आणि चेन-सॉ चालवणाऱ्या हातांची उणीव कळली. वाकून ताणलेला बुंधा आधी दाबलेल्या बाजूने थोडा आणि मग ताणलेल्या बाजूने कापायचा असतो. उलट केले तर तो झटक्यात फुटून कापणाऱ्यावर येतो. 2021 च्या चिपळूणच्या पुरात बाजारपेठेतल्या पाण्यात मोटारबोटींचे पंखे केबलींत आणि कपड्यांत अडकतात, रबरी बोटी पत्र्याच्या कडांना फाटतात, हे पुढे आले. म्हणून वल्ही आणि लांब बांबू बोटीत हवेतच. वाशिष्ठीच्या बाबतीत भरतीचे कोष्टकही हाताशी लागते, कारण दाभोळ खाडीत भरती असताना पाणी उतरत नाही. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते.

2021 नंतर महाडला बचाव दलाचा कायमचा तळ करायचे ठरले. त्याआधी राज्याच्या स्वतःच्या दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला, केंद्रीय दल पुण्याजवळ. पुण्याहून महाडला यायचे तर ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरायचा, आणि ज्या रात्री महाडला दरड येते त्या रात्री हे घाटही बंद पडू शकतात. तळाची मागणी योग्यच होती. त्या तळावरून पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत पावसात पोचायला लागणारे तास मात्र तेवढेच राहतात, आणि खुंट्यांची वही कोणी लिहायची हे अजून कोणाच्याही कर्तव्यसूचीत आलेले नाही.