लपवलेली जादू आणि न बोललेली जादू

गणपतीच्या सुट्टीत भाच्याने मला त्याची कथा वाचायला दिली. वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात शंभर वर्षांपासून मांत्रिकांचा गुप्त संघ आहे. सभासद चाळीस, अड्डा एका पडक्या गोदामात. कुणी चुकून काही बघितलंच तर त्याच्या तोंडावर राखाडी भुकटी फुंकायची, की तो सगळं विसरतो. कथा पळत होती, भुकटीचं वर्णनही झकास होतं. पण तिसऱ्या पानावर मी अडले. आमच्याकडे कुणी सुकट भाजली तर कुणाच्या घरी, किती वाजता आणि सोमवार असून का भाजली, हे दिवेलागणीच्या आत तिठ्यापर्यंत पोचतं. अशा गावात चाळीस माणसांचा संघ शंभर वर्षं कुणाला कळला नाही?

"मावशी, जादू आसा ना ती," भाचा म्हणाला.

जादूबद्दल माझी तक्रारच नव्हती, तक्रार गावाबद्दल होती. बोलता बोलता लक्षात आलं की त्याने दोन वेगळ्या गोष्टी एकच धरल्या होत्या. आपल्या जगात जादू आहे पण ती उघड नाही, अशा कथा लिहिणारे बरेच जण हेच करतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात: पेपरात बातमी नाही, पोलिसांत नोंद नाही, तलाठ्याच्या दप्तरात काही नाही. पण एका जगात थोड्यांना माहीत असतं आणि ते बाकीच्यांपासून लपवतात. दुसऱ्यात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही.

लपवायचं म्हटलं की यंत्रणा आली. पहारा कोण करतो, त्याचं पोट कशावर चालतं, फुटला तर शिक्षा काय, दारू पिऊन बरळला तर काय? आता तर प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. लेखक एक भोक बुजवायला भुकटी आणतो, मग भुकटी कुठून येते हे सांगायला कारखाना आणतो, आणि अर्धी कथा बंदोबस्तातच खर्च होते. शिवाय वाचकाला 'बरं बाबा, असेल' असं मनाशी म्हणत पुढे जावं लागतं. इंग्रज कवी कोलरिजने १८१७ साली याला अविश्वास आपणहून बाजूला ठेवणं म्हटलं होतं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनला ते पुरेसं वाटलं नाही. १९३९च्या सेंट अँड्र्यूजमधल्या व्याख्यानात त्याचं म्हणणं असं होतं, की रचलेल्या जगाला आतले नियम असले तर वाचक आत शिरतो आणि विश्वासच ठेवतो. अविश्वास बाजूला सारायची वेळ आली म्हणजे लेखकाची कला तिथे फसली. मी टोल्किनच्या बाजूची आहे. त्याला मी आमच्या काकांच्या बागेत नेलं असतं.

दोनेक वर्षांपूर्वी आंब्याच्या दिवसांत मी काकांबरोबर रात्री राखणीला निघाले होते. हातात मोबाइलचा टॉर्च, तोंडी पेटीचा भाव. वाशीचा दलाल कसा कापतो, यंदा थ्रिप्सने मोहोर कसा खाल्ला, हे सगळं तावातावाने चाललं होतं. गडग्याच्या वळणावर कुंभ्याचं एक जुनं झाड आहे. तिथे काका वाक्याच्या मध्येच थांबले. चपला काढून हातात घेतल्या, टॉर्च जमिनीकडे वळवला, आठ-दहा पावलं गप्प चालले. मग चपला घातल्या आणि "...तर तो म्हणता, फळ बारीक आसा" असं तुटलेलं वाक्य जिथे होतं तिथून उचललं.

"काका, चपला कशाला काढल्या?"

"खडो गेल्लो चपलेत."

दोन्ही चपलांत, बरोबर कुंभ्याखाली. परत येताना तिथेच पुन्हा खडा गेला.

आता यात लपवलेलं काय आहे? मी समोर होते. उद्या तिथे कॅमेरा लावला तरी दिसेल काय, तर एक म्हातारा माणूस चपला काढतोय. तरी तेवढ्यात मला कळलं की तिथे कुणीतरी आहे, काकांची त्याच्याशी जुनी ओळख आहे, आणि नातं नुसत्या भीतीचं नाही. राखणदार, म्हणजे वाडीची राखण करणारी न दिसणारी शक्ती, हा शब्दसुद्धा कुणी उच्चारला नाही. माझ्याही चपला कधी हातात आल्या ते मला कळलं नाही, आणि मी मुंबईत वाढलेली.

अशा जगाला पहारा लागत नाही, सवय लागते. ती सवय आपल्या भाषेत आधीच आहे. रात्री सापाला साप म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं. नारळ वाढवायचा, फुटलेली बांगडीही वाढवायची, दिवा शांत करायचा, आणि निघताना 'जातो' म्हणायचं नाही. तुमच्या कथेतल्या माणसांना तुम्ही असे चार शब्द दिलेत, की अमुक म्हणायचं नाही, तमुक म्हणायचं, तर जग उभं करायचं निम्मं काम झालं. तीन पानांचा इतिहास लागत नाही. किंबहुना तो दिलात तर शंका यायला लागते, कारण जिथे राहतो तिथला इतिहास कुणी येताजाता सांगत नसतो.

'पण इतकं उघड असलेलं कुणाला कसं दिसत नाही' असं म्हणणाऱ्याला सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या माळावर न्यावं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, उघड्या आभाळाखाली. राजापूर तालुक्यात कशेळीला सुमारे १८ मीटरची हत्तीची आकृती कोरलेली आहे. २०२२ साली ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि मग शहरातून गाड्या यायला लागल्या. शोध घेणारे त्याआधी गावोगाव फिरून विचारत होते, आणि कितीतरी ठिकाणी गुरं राखणाऱ्यांना ठाऊक होतं. लपवलं कुणीच नव्हतं, तोवर विचारलंही कुणी नव्हतं. देवाचे गोठणे इथल्या शिल्पापाशी तर होकायंत्राची सुई दिशा चुकते. दगडातल्या चुंबकीय गुणामुळे. मी हे कथेत घातलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, जरा अतीच झालं.

मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण तर त्याहून उघडी. रामेश्वराचा कौल झाला की गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री झोपड्या बांधून राहतं, आणि पुन्हा कौल घेऊन परत येतं. वार्ताहर येतात, फोटो छापतात. कारण विचारा: कुणी भुतांचं सांगेल, कुणी जुन्या साथीचं, कुणी म्हणेल जमिनीला जरा विसावा. खुलाशांवर एकमत नाही, नियमावर वाद नाही. नवे लेखक उलटं करतात: जादू कुठून आली ते बारा पानं सांगतात, आणि तिच्याजवळ वागायचं कसं ते एका ओळीतही नाही.

पण म्हणून लपवलेली जादू टाकाऊ आहे असं नाही. तिचीही कोकणी जात आहे: बायंगी. हे भूत म्हणे विकत आणायचं. ते मालकाची भरभराट करतं आणि त्याचं मागणं वाढत जातं. ज्याच्याकडे बायंगी असल्याची कुजबुज असते तो ते कधी कबूल करत नाही, आणि का करेल? फायदा त्याच्या एकट्याचा आहे. राखणदार सगळ्या वाडीचा, त्याचं देणं सगळ्यांनी मिळून द्यायचं, म्हणून तिथे लपवाछपवी नाही, फक्त अदब आहे. मी आता कुणाचीही कथा वाचताना हाच हिशेब बघते: या जादूचा नफा कुणाला आणि देणं कुणाच्या डोक्यावर? एकट्याचा नफा असेल तर लपवा, खुशाल लपवा, पण मग शेजाऱ्यांची कुजबुजही लिहा. भाच्याच्या कथेत चाळीस मांत्रिक होते आणि एकाही शेजारणीला संशय नव्हता.

शेवटही यावरून बदलतो. लपवलेलं फुटलं की कथेचा स्फोट होतो. न बोललेलं कुणी बोललं तर गौप्यस्फोट होतच नाही, कारण सगळ्यांना माहीतच होतं. तिथे बोलणाराच उघडा पडतो. जेवणाच्या पंक्तीत कुणीतरी भलतंच बोलून जावं आणि वाढणारीचा हात थांबावा, तसं काहीतरी होतं. हे लिहायला अवघड आहे.

आणि एक धोका आहे. 'न बोललेलं' या नावाखाली लेखक स्वतःच काही ठरवत नाही, नुसतं धुकं सोडतो. काकांना विचारलं तर ते सांगणार नाहीत, पण कुठल्या पावलावर चपला काढायच्या ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. लेखकालाही तेवढं ठाऊक हवं.

दिवाळीत भाच्याने नवा खर्डा पाठवला. संघ गेला, गोदाम गेलं, भुकटीही गेली. आता फक्त गावाची शेवटची एसटी आहे. डाव्या बाजूची तिसरी सीट कायम रिकामी असते. शिमग्याच्या गर्दीतही माणसं दांडा धरून उभी राहतात, पण तिथे बसत नाहीत. कंडक्टर घंटी द्यायच्या आधी एकदा त्या सीटकडे बघतो. मग एका फेरीला एक पुण्याचा पाहुणा जाऊन तिथे बसतो आणि बसमधलं बोलणं थांबतं.

मी फोन केला. "कोण बसतं रे तिथे?"

"ता माका काय म्हायत?"

"आणि याला उठवत का नाहीत?"

"आज मंगळवार ना," भाचा म्हणाला. "मंगळवारी बसलां तर चालता."