बोर्ड एआरएमचा, आकडा मात्र १९८१ चा

एम्बेडेड लिनक्सवर, म्हणजे उपकरणांतल्या छोट्या बोर्डांवर चालणाऱ्या लिनक्सवर, बीप वाजवायचा जुना सी कोड उघडलात तर त्यात बऱ्याचदा ११९३१८० हा आकडा दिसतो. त्याला फ्रिक्वेन्सीने भागायचं, उत्तर केआयओसीसाउंड या आयओसीटीएल कॉलला (प्रोग्रामने कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, थेट काम सांगायची सोय) द्यायचं की टोन सुरू, शून्य दिलं की बंद. बरेच जण तो कॉपी करून पुढे जातात, पण खरी मजा तिथेच आहे.

१९८१ च्या आयबीएम पीसीत मुख्य क्रिस्टल १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा होता, म्हणजे अमेरिकन रंगीत टीव्हीच्या कलर सिग्नलच्या बरोबर चौपट. त्याला ३ ने भागून प्रोसेसरला ४.७७ मेगाहर्ट्झ मिळायचे आणि १२ ने भागून ८२५३ टायमर चिपला साधारण ११,९३,१८२ हर्ट्झ (वरचा ११९३१८० म्हणजे हाच, किंचित गोल केलेला), आणि या चिपचा एक चॅनल थेट स्पीकरला जोडलेला, त्यामुळे १००० हर्ट्झचा आवाज हवा असेल तर चिपला सांगायचं ११९३ पर्यंत मोज आणि परत सुरू कर. नुसता स्क्वेअर वेव्ह (चालू-बंद, चालू-बंद असा सिग्नल), व्हॉल्यूम वगैरे काही नाही. लिनक्स वाढलं ते पीसीवरच, म्हणून कॉलसुद्धा चिपला लागणारा भाजकच मागतो, हर्ट्झ नाही.

मग लिनक्स एआरएमवर, म्हणजे छोट्या बोर्डांवर असणाऱ्या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर, गेलं. तिथे ही चिपच नाही! मधल्या काळातल्या काही कर्नलमध्ये तर भागाकारासाठी प्रत्येक प्लॅटफॉर्मचा आपापला क्लॉक रेट धरला जायचा, म्हणजे तोच प्रोग्राम दुसऱ्या बोर्डवर वेगळा सूर लावू शकत होता. शेवटी जुना पीसीचाच आकडा सगळ्यांसाठी पक्का केला. आज पीडब्ल्यूएम पिनला (ठरावीक वेगाने चालू-बंद होणारा सिग्नल देणारी पिन) पिझो बजर, म्हणजे छोटा भोंगा, लावलेल्या बोर्डवर तुमचा प्रोग्राम भागाकार करतो, कर्नल उलटा भागाकार करून परत हर्ट्झ काढतं आणि मग इनपुट सबसिस्टिममार्फत (कर्नलमधला कीबोर्ड, माउस वगैरे सांभाळणारा भाग) पीडब्ल्यूएम-बीपर ड्रायव्हरला देतं. वेडेपणा वाटेल, पण जुने प्रोग्राम मोडायचे नाहीत हा कर्नलवाल्यांचा हट्ट मला मनापासून आवडतो.

ऑडिओ कोडेक (आकड्यांचा आवाज करणारी चिप) आणि खरा स्पीकर असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी लिनक्सची आवाजाची यंत्रणा म्हणून आधी ओएसएस होतं, २००२ मध्ये २.५ कर्नलमध्ये अल्सा आलं, तिथे साइन वेव्हचे सॅम्पल स्वतः बनवून लिहायचे. नुसत्या अलर्टसाठी एवढा खटाटोप कशाला? इनपुट डिव्हाइस उघडा, टाइप ईव्ही_एसएनडी, कोड एसएनडी_टोन, व्हॅल्यूत सरळ हर्ट्झ. नवीन कोड लिहिताय तर हाच रस्ता धरा, भागाकार लागतच नाही.