आवाजानंतर पाहिलेला अपघात

मुंबईत गाडी माणसाला 'धडकत' नाही, 'उडवते'. फार तर 'ठोकते', नाहीतर 'घासून जाते'. सायन सर्कलला किंवा अमर महालच्या पुलाखाली अपघात झाला, की जमलेल्या गर्दीत हे शब्द फिरू लागतात. हवालदार येईपर्यंत त्यातला एक शब्द सगळ्यांचा झालेला असतो आणि जबाबात तोच उतरतो. साक्षीदाराच्या आठवणीला या शब्दामुळे काय होतं, हे मानसशास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं आहे.

१९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या छोट्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न एकच, फक्त क्रियापद बदललेलं. गाड्या एकमेकींना 'लागल्या' तेव्हा, असं ज्यांना विचारलं, त्यांचा अंदाज सरासरी ताशी ५१ किलोमीटर आला. 'चक्काचूर होत आदळल्या' असं ऐकणाऱ्यांचा आला ६६. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, 'फुटलेली काच दिसली का?' फितीत काच फुटलेली नव्हतीच. तरी जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जण 'हो' म्हणाले. साधं क्रियापद ऐकलेल्यांत ७. आता 'कितीच्या स्पीडने उडवलं?' हा आपला नेहमीचा प्रश्न आठवून पाहा. उत्तराचा अर्धा भाग प्रश्नातच आहे.

आठवण बिघडण्याआधीचीही एक अडचण आहे. बहुतेक प्रत्यक्षदर्शी आधी ऐकतात, मग पाहतात. दोनेक वर्षांपूर्वी घाटकोपरला माझ्यासमोर रिक्षा आणि स्कूटरची टक्कर झाली. 'समोर' म्हणजे, असं मी चौकीत सांगितलं. रिक्षा इंडिकेटर न देता वळली, हेही सांगितलं, अगदी ठामपणे. घरी आल्यावर लक्षात आलं, की त्या वेळी मी टपरीवर कटिंगचे पैसे देत होतो. पाठ रस्त्याकडे. तीस मीटरवरचा आवाज कानापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही, पण मान वळून नजर स्थिरावायला अर्धा सेकंद सहज जातो. तेवढ्यात ताशी ५० ने चाललेली गाडी सात मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे मला दिसला तो परिणाम. कारण मेंदूने मागाहून जोडलं. मुंबईत रिक्षा इंडिकेटर देत नाही, हे त्याला आधीच ठाऊक होतं ना!

आणि भरपाईच्या दाव्यात सगळी मारामारी असते ती नेमकी त्या आधीच्या दोन सेकंदांवर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली जखमीला समोरच्याची चूक दाखवावी लागते. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे लागत नाही, शक्यतेचं पारडं झुकलं तरी पुरतं. पण जखमीची स्वतःची चूक ३० टक्के ठरली, तर दहा लाखांचे सातच हातात येतात. साक्षीदाराच्या 'स्कूटरवाला जरा जोरातच होता' या एका वाक्याची ही किंमत असू शकते. अर्थात साक्षीदारावाचून सगळं अडतं असं नाही. मोटारसायकलवर मागे बसलेल्याची साक्ष झाली नाही एवढ्यावरून दावा पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निकालात म्हटलं आहे. कलम १६४ खाली तर चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात.

वेगाच्या बाबतीत डोळा तसाही कच्चाच. मोठी वस्तू असते त्यापेक्षा सावकाश येतेय असं वाटतं. रूळ ओलांडणाऱ्यांना लोकलचा अंदाज चुकतो, त्यामागचं हे एक कारण. रस्त्यावरची चाकांची फरफट जास्त खरं बोलते. कोरड्या डांबरावर दहा मीटर फरफट असेल, तर ब्रेक दाबताना वेग निदान ताशी ४० च्या आसपास होता, असं घर्षणाच्या गणितातून निघतं. पण एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारे ब्रेक, असलेल्या गाड्या असा ठसठशीत माग सोडत नाहीत आणि जुलैच्या पावसात तर पंचनाम्याआधीच सगळं धुऊन जातं. दुकानाबाहेरचा सीसीटीव्ही असला तर बरं, पण काही दिवसांत जुन्या चित्रणावर नवं चढतं.

म्हणून फिरून साक्षीदाराकडेच यावं लागतं. त्याला गर्दीच्या गप्पांपासून वाचवणं सर्वांत अवघड. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रयोगात एकच घटना दोघांना वेगवेगळ्या कोनांतून दाखवली आणि मग आपसांत बोलू दिलं. ७१ टक्के लोकांनी जोडीदाराकडून नुसतं ऐकलेलं काहीतरी स्वतः पाहिलं म्हणून सांगितलं. टपरीवर तर दोघं नसतात, वीस जण असतात. वर साक्षीपर्यंत वर्षं जातात, गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून आवाजात खात्री येते. पहिल्या दिवशीचा ठामपणा बऱ्यापैकी भरवशाचा असतो, असं संशोधक सांगतात. पिंजऱ्यातला तितका नाही.

जबाब घेताना माणसाला मध्येच न तोडता बोलू द्यावं, हे रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइसलमन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून सांगत आले आहेत. कुठे उभा होतास, तोंड कुठे होतं, मान कशामुळे वळली, हे प्रश्न वेगाच्या आधी यायला हवेत, असं मला त्या टपरीपासून वाटू लागलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी चौकीत परत गेलो. हवालदारांनी कागद पुढे ओढला. ''मग साहेब, पाहिलं काय तुम्ही?''

''रिक्षा उभी होती, वळलेली. स्कूटर आडवी पडली होती.''

''वळताना?''

''नाही पाहिलं.''

त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. माझा जबाब सव्वा पानाचा होता, तो चार ओळींवर आला.